‘मी पोलीस झाले आहे’ की ‘खांदे सैल सोड’?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी आपल्या पुरवणीत अफर्मेशन्सवर, म्हणजे स्वतःला रोज ऐकवायच्या सकारात्मक वाक्यांवर, पानभर लेख आला होता. सकाळी उठून आरशासमोर उभं राहायचं, ‘मी यशस्वी आहे, मला हवं ते मिळालं आहे’ असं म्हणत राहायचं, मनात शंका आली तर तिला तिथल्या तिथं हाकलायचं आणि नकारात्मक बोलणाऱ्यांपासून चार हात लांब राहायचं, असा त्याचा सारांश. माझ्याकडे येणाऱ्या मुलींनी तो लेख एकमेकींना पाठवला, मैदानावर त्यावर चर्चा झाली, आणि त्यांनी मला विचारलं, ‘मॅडम, हे करायचं का?’ त्यांना मी जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहिते.

माणूस स्वतःशी जे बोलतो त्यानं अंगात बळ येतं, हे मी नोकरीभर मैदानावर पाहिलं आहे. त्यामुळे हे सगळं थोतांड आहे म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण कुठलं वाक्य, कोणी आणि कुठल्या क्षणी म्हणायचं यावर सगळं अवलंबून असतं. लेखात दिलेली वाक्यं ज्यांना आधाराची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच मुलांना जड जातात, आणि ते का, हे आपल्या वाचकांना कळायला हवं.

मी विट्यात माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना पहाटे मैदानावर शिकवते. खानापूर, आटपाडी, कडेगाव या तालुक्यांतल्या गावांतून मुली येतात. आमच्या भागात गलाईचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामुळे काही जणींचे वडील सोनं-चांदी गाळायच्या कामाला दूर परराज्यात असतात आणि दिवाळीला नाहीतर जत्रेला घरी येतात. काहींच्या घरी यंत्रमाग आहे, काहींच्या आया दुसऱ्याच्या शेतात रोजानं जातात. घरात पोलिसाची वर्दी आली तर धाकट्या भावंडांचं शिक्षण मार्गी लागणार असतं. अशा मुलीला ‘सकारात्मक विचार कर’ हा सल्ला देताना जपून द्यावा लागतो, कारण ती तो मनापासून घेते.

भरतीचं गणित माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. शिपाई पदाला मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची असते. मुलींना 800 मीटर धावणं 20 गुणांना, 100 मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी 15 गुणांना. गोळा 4 किलोचा. मैदानीत निम्मे गुण नाही मिळाले तर लेखीचा पेपर हातात पडत नाही. म्हणजे वर्षभर केलेला अभ्यास 800 मीटरच्या दोन फेऱ्यांवर अडतो.

आता त्या दोन फेऱ्यांत काय होतं ते सांगते, कारण माझ्या मते या विषयाचं सगळं मर्म तिथंच आहे. पहिली फेरी सगळ्या जणी चांगली मारतात. दुसऱ्या फेरीत, साधारण सहाशे मीटरच्या खुणेपाशी, पाय जड होतात. मी मुद्दाम त्याच खुणेवर उभी राहते. तिथं एकेकीचं शरीर वाचता येतं. खांदे कानांपाशी चढतात, मुठी आवळल्या जातात, मान एका बाजूला कलते, श्वास छातीच्या वरच्या वर फिरतो. हात पुढे-मागे जाण्याऐवजी छातीसमोर आडवे हलायला लागतात. पायांत ताकद शिल्लक असते, पण वरचं अंग आखडलं की ती वाया जाते.

भिवघाटाकडच्या एका गावातली मुलगी या खुणेवर नेहमी कोसळायची. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे आणि शेवटी चौथी-पाचवी. एक दिवस धाव संपल्यावर मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, ‘तिथं आल्यावर मनात काय म्हणत होतीस?’ ती म्हणाली, ‘मॅडम, मी पोलीस झाले आहे, मी पोलीस झाले आहे, असं.’ म्हटलं, ‘मग?’ तर म्हणाली, ‘मग मनच म्हणतंय, कुठं झालीयास? अजून दोनशे मीटर राहिलंय की.’

त्या पोरीनं एका वाक्यात जे सांगितलं ते मोठमोठ्या पुस्तकांत सापडायला वेळ लागतो. दम लागलेल्या मनाला खोटं लगेच कळतं. ते उलट उत्तर देतं, आणि त्या भांडणात जी ताकद धावायला हवी होती ती खर्च होते. मी तिला ते वाक्य सोडायला सांगितलं आणि दुसरं दिलं: ‘खांदे सैल, हात मागं.’ एवढंच. सहाशेच्या खुणेवर आलीस की हे म्हणायचं आणि म्हणताना ते करायचं. यात मन वाद घालू शकत नाही, कारण खांदे सैल सोडणं त्या क्षणी तिच्या हातात असतं. तिला सवय लागायला काही आठवडे गेले. पुढे वेळेत फरक पडला, तो तिनं स्वतः वहीत लिहिला.

गोळाफेकीला आमचं वाक्य आणखी लहान आहे: ‘गुडघा, कंबर, खांदा, बोटं.’ ताकद ज्या क्रमानं वर यायला हवी त्या क्रमानं चार शब्द. नवीन मुली सगळी ताकद हातात आणतात, पाय तसेच राहतात आणि गोळा समोर पडतो. हे चार शब्द तोंडात बसले की अंग आपोआप खालून वर उलगडायला लागतं. ‘मी सर्वोत्तम गोळाफेकपटू आहे’ असं म्हणून गोळा एक वीतही पुढे जात नाही.

माझी भाची मानसशास्त्र शिकवते. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं मला काही शोधनिबंध वाचायला दिले आणि जिथं अडले तिथं समजावून सांगितले. ग्रीसमधल्या थेसली विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये खेळाडूंच्या स्वतःशी बोलण्यावरचे 32 अभ्यास एकत्र तपासले. स्वतःशी बोलण्याचा फायदा होतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. ज्या कामात नेमकेपणा लागतो तिथं नुसत्या जोश देणाऱ्या वाक्यापेक्षा ‘काय कर’ हे सांगणारं वाक्य जास्त उपयोगी पडतं, असंही दिसलं. मला फार बरं वाटलं, कारण आमच्या धुळीच्या मैदानावर जे दिसत होतं तेच तिकडे आकड्यांत उतरलं होतं.

दुसरा निबंध मात्र आपल्या लेखाशी थेट भिडतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना चार मिनिटं मनातले विचार लिहायला सांगितले. त्यातल्या निम्म्यांना दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच मुलांपेक्षा वाईट वाटलं. हे वाचून मी निबंध बाजूला ठेवून बराच वेळ बसले. कारण पुरवणीतला सल्ला वाचून आरशासमोर कोण उभं राहतं? ज्याला स्वतःबद्दल शंका आहे तोच. म्हणजे औषध नेमकं ज्याला चालत नाही त्याच्याच हातात जातंय.

त्याच संशोधनात पुढचा एक भाग आहे, तो मला त्याहून मोलाचा वाटतो. या वाक्यावर विचार करताना ते कसं खरं आहे एवढंच पाहा, असं काहींना सांगितलं. इतरांना मुभा दिली, की ते कुठं खरं आहे आणि कुठं खरं नाही हे दोन्ही पाहा. स्वतःवर विश्वास कमी असलेल्यांना ही मुभा मिळाल्यावर जास्त बरं वाटलं. शंका हाकलून द्या, हा सल्ला त्यांच्यासाठी उलटा पडतो. शंकेला बसायला जागा दिली तर ती कमी ओरडते.

माझ्याकडची एक मुलगी आधीच्या भरतीत अगदी थोड्या गुणांनी राहिली होती. तिच्या बहिणीनं मोबाइलवरच्या रील पाहून तिच्या अभ्यासाच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या: ‘माझी निवड झाली आहे’, ‘वर्दी माझीच आहे’, ‘ब्रह्मांड माझ्या बाजूनं आहे’. प्रेमापोटीच लावल्या. पण ती मुलगी मैदानावर आली की तिचे डोळे सुजलेले असायचे. बऱ्याच दिवसांनी तिनं सांगितलं, की सकाळी दिवा लावला की पहिली नजर त्या चिठ्ठ्यांवर जाते आणि यादी लागली तो दिवस आठवतो. बहिणीला वाईट वाटेल म्हणून काढवतही नव्हत्या.

तिला मी तिची वही आणायला सांगितली. आमच्याकडे प्रत्येकीची एक वही असते. तारीख, धावण्याची वेळ, गोळा किती मीटर गेला, सराव चाचणीत किती गुण पडले, झोप किती झाली, पाळी कधी आली, सगळं त्यात. आम्ही दोघींनी ती वही मैदानाच्या कट्ट्यावर बसून पानं उलटत वाचली. मग तिला म्हटलं, यातून तुझं वाक्य काढ. तिनं पुष्कळ खोडाखोड केली आणि लिहिलं: ‘पावसाळ्यापासून माझी आठशेची वेळ कमी होत आली आहे. गणितात मी शेकडेवारी चुकत नाही. सामान्य ज्ञान अजून कच्चं आहे, ते मी रोज जेवणानंतर करते.’ या तिन्ही वाक्यांवर तिचं मन काहीच म्हणू शकलं नाही, कारण तिन्ही तिच्याच अक्षरात वहीत होती. तिसऱ्यात तर कमतरताही कबूल केली होती, आणि तिचं काय करायचं तेही सांगितलं होतं. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांच्या जागी हे लिहिलेला एक कागद लागला. बहिणीनंच तो सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

माझं म्हणणं हेच आहे, की वाक्य आपल्या वहीतून यावं. दुसऱ्यानं छापून दिलेलं, हजारांना एकच, असं वाक्य कोणाच्या अंगाला बरोबर बसत नाही. ज्याच्याकडे वही नाही त्यानं आधी वही करावी, वाक्य नंतर.

या सगळ्या प्रकाराचा मूळपुरुष म्हणावा असा फ्रान्समधला औषधविक्रेता एमिल कुए. नॅन्सी शहरात त्याच्याकडे रोग्यांची रीघ लागायची. ‘दिवसेंदिवस, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत आहे’ या अर्थाचं त्याचं वाक्य 1920 च्या सुमारास युरोप-अमेरिकेत घरोघरी पोहोचलं. रात्री झोपताना वीस गाठी मारलेली दोरी हातात धरून, एकेका गाठीला एकदा, असं ते पुटपुटायचं. त्याचं वाक्य आजच्या रीलपेक्षा किती नम्र आहे पाहा. ‘होत आहे’ म्हणतो तो, ‘झालो आहे’ म्हणत नाही. इच्छाशक्ती आणि कल्पना यांच्यात झगडा लागला तर कल्पनाच जिंकते, असंही तो बजावून सांगायचा. मनाला चित्र पटलं नसेल तर जोर लावून उपयोग नाही, असा त्याचा अर्थ. शंभर वर्षांत वाक्यं मोठी झाली आणि ही सूचना मागे पडली.

आता एक गोष्ट लिहिते, ती लिहिताना आजही राग येतो. आमच्या भागात एका मंगल कार्यालयात भरतीच्या मुलांसाठी प्रेरणा शिबिर झालं होतं. वक्ता बाहेरचा, फी घेऊन. डोळे मिटवून मुलांकडून ‘माझं शरीर पूर्ण तंदुरुस्त आहे’ असं मोठ्यानं वदवून घेतलं. दुखण्याचा उच्चार केला की दुखणं वाढतं, म्हणून तो करायचा नाही, असंही सांगितलं. माझ्याकडची एक अतिशय कष्टाळू मुलगी तिथं गेली होती. तिच्या नडगीत आधीपासून दुखत होतं. आमच्या मैदानावर नडगी दुखणं नवीन नाही. कडक जमीन, झिजलेले बूट, एकदम वाढवलेलं अंतर, यानं ते होतंच. वेळेवर सांगितलं तर आम्ही धावणं कमी करतो, सायकल देतो, बर्फ लावतो, बूट बदलतो आणि बहुतेक जणी बऱ्या होतात. ही मुलगी मला काही बोललीच नाही. नकारात्मक बोलायचं नाही ना! रोज लंगडत्या पायानं, तोंडानं ते वाक्य म्हणत, धावत राहिली. शेवटी पाय टेकवेना तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. हाडाला बारीक तडा गेला होता. त्या वर्षीची भरती तिच्या हातून गेली.

दुखणं ही बातमी असते. ती शरीरानं दिली आणि आपण वाक्यानं दाबली, तर नुकसान आपलंच. त्या वक्त्याला मुलींचं वाईट करायचं नव्हतं, हे मी मान्य करते. पण व्यासपीठावरून बोलणाऱ्यानं आणि वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यानं हे लक्षात ठेवायला हवं, की समोरची मुलगी त्याचा शब्द खाली पडू देत नाही. म्हणून आमच्या मैदानावर आता पक्का नियम आहे: आल्याबरोबर आधी कुठं काय दुखतंय ते सांगायचं, मग बाकीचं.

निकालाचं चित्र डोळ्यांसमोर आणा, हा सल्लाही सगळीकडे असतो. 1999 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या विद्यार्थ्यांवर लिएन फाम आणि शेली टेलर यांनी एक प्रयोग केला. परीक्षेआधी काही जणांनी रोज चांगले गुण मिळाल्याचं चित्र मनात आणलं. काही जणांनी आपण अभ्यासाला कसे बसतो, पुस्तक उघडतो, टीव्ही बंद करतो, याचं चित्र आणलं. दुसऱ्या गटानं अभ्यास आधी सुरू केला आणि त्यांना गुणही जास्त पडले. गुणांचंच चित्र पाहणाऱ्यांचा अभ्यास कमी झाला. वर्दीतला फोटो मनात पाहू नका, असं मी मुलींना म्हणत नाही, तो आनंद त्यांचा आहे. पण झोपताना उद्या पहाटेचं चित्र पाहा म्हणते: गजर वाजला, बूट दाराशी आहेत, बाटली भरलेली आहे, आत्याच्या पोरीला हाक मारायची आहे.

हे आपल्याकडे नवीन आहे का? पूजेच्या सुरुवातीला यजमान संकल्प सोडतो तेव्हा काय म्हणतो ते आठवून पाहा. आपण कुठं आहोत, कोणत्या नदीच्या कुठल्या तीरावर, कोणतं संवत्सर, कोणता मास, कोणती तिथी, कोणता वार, माझं नाव काय, गोत्र काय, आणि आता मी अमुक कर्म करणार आहे. मग हातावरून पाणी सोडतो. फळाची इच्छा त्यात असते, पण मला फळ मिळालं आहे असं त्यात कुठं म्हटलेलं नसतं. जागा, वेळ, माणूस आणि काम. माझ्या मुली वहीच्या पहिल्या पानावर असंच लिहितात. त्याला एक अडचणीची ओळ जोडायची, एवढी भर मी घातली. ‘पाऊस असला तर शाळेच्या व्हरांड्यात जिने चढेन.’ ‘आईला दुसऱ्या पाळीला जावं लागलं तर स्वयंपाक करताना चालू घडामोडी मोबाइलवर ऐकेन.’ गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे पुष्कळ अभ्यासलं आहे. इच्छेसोबत तिच्या वाटेतली अडचणही मनात आणणारे लोक नुसती गोड स्वप्नं पाहणाऱ्यांपेक्षा जास्त हालचाल करतात, असं त्यांच्या कामातून दिसतं.

स्वतःला कसं संबोधायचं, याचाही फरक पडतो. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी 2014 मध्ये दाखवलं, की ताणाच्या वेळी ‘मी, मी’ करण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून बोलणारे लोक कमी गोंधळतात. समर्थांनी मनाच्या श्लोकांत मनालाच समोर बसवून समजावलं आहे. आमच्या शाळांतून ते पाठ करून घेतले जात. मुली मनात म्हणतात, ‘अगं, खांदे सोड की.’ त्यात आईच्या किंवा मैत्रिणीच्या बोलण्याची धग असते. ‘मी करू शकते’ पेक्षा हे त्यांच्या तोंडात सहज बसतं, आणि मी ते बदलायला सांगत नाही. प्रमाण भाषेतलं वाक्य आठशेच्या दुसऱ्या फेरीत कोणाला सुचतंय?

धावण्याच्या रेषेवर उभं राहिल्यावरचं वाक्य वेगळं लागतं. तिथं काळीज धडधडतं, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. ‘मी शांत आहे, मी घाबरले नाही’ म्हटलं तर शरीर साक्ष देत नाही. आम्ही म्हणतो, ‘अंग तयार झालंय.’ धडधड तीच, तिचा अर्थ तेवढा बदलतो. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये गाणं, भाषण आणि गणिताची चाचणी यांवर हे तपासलं. ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. आमच्या मुलींना या प्रयोगाचं नाव-गाव माहीत नाही, पण शिट्टी वाजायच्या आधी एकमेकींच्या पाठीवर थाप मारून त्या हेच म्हणतात.

मैदानीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सराव करत नाही. कट्ट्यावर बसून प्रत्येकीनं एक पान लिहायचं: भरती सोडून माझ्या आयुष्यात मला काय मोलाचं वाटतं. कोणी लिहितं आजीची सेवा. कोणी लिहितं, धाकट्या भावाला मी वाचायला शिकवलं. एकीनं घरच्या शेळ्यांवर लिहिलं होतं, कुठलीला कुठला पाला आवडतो इथपर्यंत. ही पानं मी वाचून दाखवायला लावत नाही. ही कल्पना मी अमेरिकेतल्या शाळांत झालेल्या एका प्रयोगावरून घेतली. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये सातवीच्या मुलांकडून असं लेखन करून घेतलं, तेव्हा ज्या कृष्णवर्णीय मुलांकडून शाळेत कमी अपेक्षा ठेवली जायची त्यांचे गुण वाढले. पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांत परिणाम इतका ठळक आला नाही, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आमच्याकडे त्या संध्याकाळी मुलींचे चेहरे सैल होताना मी पाहते. उद्या काहीही झालं तरी शेळ्या तिच्याच आहेत, भाऊ तिचाच आहे. आपली सगळी किंमत दोन फेऱ्यांवर टांगलेली नाही, हे तिला कोणी सांगावं लागत नाही, ती स्वतःच्या हातानं लिहिते.

पालकांसाठी दोन शब्द. ‘तू होणारच!’ हे आपण मायेनं म्हणतो. मुलीला ते ऐकू येतं, की नाही झाले तर या घरात तोंड कुठं लपवू. त्याऐवजी ‘आज कसं झालं? पाय दुखतोय का? जेवलीस का?’ असं विचारलं तर ती मोकळी बोलते. यादी लागल्यानंतरचे आठ-दहा दिवस तर कुठलंही अफर्मेशन घरात नको. रडू द्यावं, शेजारच्यांना उत्तर आपण द्यावं. आणि एखादी मुलगी किंवा मुलगा आठवड्यामागून आठवडे झोपत नसेल, खात नसेल, जगून काय करू असं बोलत असेल, तर ते वाक्यांनी सुटायचं काम राहिलेलं नसतं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, 14416 या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतूनही बोलता येतं. तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचाराचा डॉक्टर क्वचितच असतो, म्हणून हा क्रमांक घरात भिंतीवर असावा.

आपल्याला एक विनंती आहे. भरतीची जाहिरात निघाली की आपलं नोकरीविषयक पान गावोगावी वाचनालयात आणि चहाच्या टपरीवर मुलं ओळन्‌ओळ वाचतात. अफर्मेशन्सवरचा पुढचा लेख पुरवणीच्या रंगीत पानाऐवजी तिथं छापा, आणि लिहिणाऱ्यानं आधी एखाद्या पहाटे कुठल्याही भरतीच्या मैदानावर येऊन सहाशे मीटरच्या खुणेपाशी उभं राहावं. आमच्याकडे आलात तर मुली बोलतील. पाचच्या आत या, उन्हाळ्यात साडेसातला आम्ही संपवतो.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
विटा, जि. सांगली

(पत्रात मुलींच्या घरच्या गोष्टी आल्या आहेत. त्यांची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)